खानापूरच्या रानासाठी जेवण आणि लिलाव: कसं करावं?

जांबोटी_वळण | १२ नोव्हेंबर, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. बेळगाव-खानापूर भागातल्या आणि इथून बाहेर गेलेल्या सगळ्यांना विचारायचं आहे, म्हणून हा धागा.

आम्ही दहा-बाराजण गेली काही वर्षं रविवारी जांबोटी, कणकुंबी, हेमाडगा या बाजूला जातो. पक्षी बघतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवा लागला की वनखात्याच्या माणसांबरोबर हातात डहाळ्या घेऊन उभे राहतो. नोंदणीकृत संस्था वगैरे नाही, मित्रमंडळी आहोत.

याच भागातलं भीमगड अभयारण्य जाहीर झालं डिसेंबर २०११ मध्ये. क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. म्हादई या रानात उगम पावते, मलप्रभा कणकुंबीला. एक नदी पश्चिमेला गोव्याची तहान भागवते, दुसरी पूर्वेला वाहत जाऊन कृष्णेला मिळते. बेळगावच्या माणसाला पाण्याच्या तंट्याचे टीएमसीचे आकडे पाठ असतात, पण ज्या रानातून ते पाणी येतं तिथं तो कधी गेलेला नसतो. हे मला फार लागतं.

तर विचार असा: जानेवारीच्या शेवटी बेळगावात एक जेवण ठेवायचं. ताटामागे पैसे घ्यायचे. जेवणानंतर काही वस्तूंचा लिलाव करायचा. जमा होईल त्यातून रानासाठी काहीतरी ठोस. माझ्या डोक्यात ट्रॅप कॅमेरे (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे) आणि गावागावात माहितीफलक आहेत.

तीन प्रश्न आहेत. ताटाला किती ठेवावे? लिलावात काय ठेवावं? आणि जेवणात काय करावं? मोकळेपणानं लिहा.

---

गोवावेस | १२ नोव्हेंबर, रात्री १०:०५

कल्पना चांगली आहे. हजार रुपये ताट ठेवा, मोठ्या हॉटेलचा हॉल घ्या, उद्योजक मंडळींना बोलवा. पंचवीस टेबलं भरली की काम झालं. फौंड्रीवाले, हॉस्पिटलवाले, सगळे देतात. मी स्वतः चार ताटं घेईन.

---

शहापूरची_सून | १२ नोव्हेंबर, रात्री १०:४०

हजार रुपये म्हणजे आमच्यासारख्या घरातले चौघे आले तर चार हजार. आम्ही येणारच नाही मग. आणि खरं सांगते, रानाचं आम्हालाही वाटतं. ऑगस्ट २०२२ मध्ये गोल्फ मैदानाकडं बिबट्या आला तेव्हा बावीस शाळा बंद होत्या, माझी दोन्ही पोरं कितीतरी दिवस घरात. सक्रेबैलच्या हत्ती छावणीतून हत्ती आणले होते त्याला शोधायला. तो काही सापडला नाही. पण तेव्हा पोरांनी विचारलं, "आई, तो आपल्याकडं का आला?" मला नीट उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून वाचायला लागले.

सहाशे ठेवा. लहान मुलांना तीनशे.

जेवणात कुंदा हवाच. आणि मांडे जमले तर मांडे.

---

जांबोटी_वळण | १३ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

वहिनी, बरोबर आहे तुमचं. सहाशे धरून चालूया. हॉटेलऐवजी साधं मंगल कार्यालय बघतो.

मांड्यांचं मनात होतंच. पण मला वाटतं ताटात रानाकडचं जास्त असावं. नाचणीची भाकरी, तांबडा भात, रताळ्याचा कीस, सोलकढी, काजूची उसळ. जानेवारीत ओले काजू नुकतेच कुठं दिसायला लागतात, त्यामुळं वाळलेले भिजवून. पत्रावळीवर वाढायचं, प्लास्टिक अजिबात नाही. पाणी प्यायला खानापूरच्या कुंभारांकडून मातीचे पेले.

---

पाटील_गल्ली | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

लिलावासाठी माझ्याकडून वस्तू. आजोबांच्या वेळची सांबराची शिंगं आहेत घरात, लाकडी ढालीवर बसवलेली. चांगली दोन-अडीच फूट. रानाच्या कामासाठी जात असतील तर आनंदानं देतो. शौकीन माणूस पन्नास हजार सुद्धा देईल.

---

हिशोबनीस | १३ नोव्हेंबर, सकाळी ११:००

पाटीलसाहेब, तुमचा हेतू चांगला आहे, पण हे अजिबात करू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे अशा शिंगांची विक्री करता येत नाही. घरात ठेवायलासुद्धा मालकीचं प्रमाणपत्र लागतं, आणि प्रमाणपत्र असलं तरी विकता येत नाहीच. गळून पडलेली शिंगं रानात सापडली तरी ती सरकारची मालमत्ता.

२०२३ मध्ये आपल्या कर्नाटकात टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात गळ्यात वाघनखाचं लॉकेट घातलेल्या माणसाला थेट तिथूनच अटक झाली होती, आठवत असेल. त्यानंतर सरकारनं लोकांना अशा वस्तू जमा करायला मुदतही दिली होती. तुमच्याकडं आजोबांच्या नावचं प्रमाणपत्र आहे का ते आधी कपाटात शोधा, नसेल तर वकिलाशी बोलून रीतसर जमा करा.

दुसरं, हिशोबाचं. माझा व्यवसायच तो आहे म्हणून लिहितो. तुमचा गट नोंदणीकृत नाही, म्हणजे पैसे कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यात जाणार. हे नको. करसवलतीची (८०जी) नोंदणी असलेल्या, आधीपासून काम करणाऱ्या एखाद्या विश्वस्त संस्थेच्या खात्यात पैसे घ्या आणि वेगळी वही ठेवा. पण हेही लोकांना स्पष्ट सांगा की ताटाचे सहाशे म्हणजे देणगी नव्हे, त्याच्या बदल्यात जेवण मिळालंय. लिलावात घेतलेल्या वस्तूचंही तेच. करात सवलत मिळते ती निखळ देणगीला. त्यातही दोन हजारांवर रोख दिलेली चालत नाही, वस्तुरूपानं दिलेली चालत नाही, आणि नवीन करप्रणाली घेतलेल्याला ही वजावट मिळतच नाही. नंतर लोक पावती घेऊन भांडायला येतात, म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं.

---

पाटील_गल्ली | १३ नोव्हेंबर, दुपारी १:२०

मला खरंच माहीत नव्हतं. बरं झालं सांगितलंत. प्रमाणपत्र शोधतो. शिंगांऐवजी माझ्या शेतातला बेळगाव बासमती देतो, पन्नास किलो. त्याला तर कायदा आड येत नाही ना!

---

दुबई_बेळगावकर | १३ नोव्हेंबर, रात्री ११:५०

मूळ गाव खानापूर तालुक्यात, अठरा वर्षं इकडं. येऊ शकणार नाही पण पैसे पाठवायचे आहेत. परदेशातून आलेला पैसा म्हणून काही अडचण?

---

हिशोबनीस | १४ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

तुमचा पासपोर्ट भारतीय आहे ना? मग तुमची देणगी कायद्यानं परदेशी योगदान धरली जात नाही, बँकेच्या नेहमीच्या मार्गानं पाठवा. नागरिकत्व बदललेलं असेल, ओसीआय कार्ड असेल, तर मात्र ती परदेशी देणगी, आणि परदेशी पैसा घ्यायची परवानगी म्हणजे एफसीआरए नोंदणी असलेली संस्थाच ती घेऊ शकते. पासपोर्टची प्रत संस्थेकडं देऊन ठेवा.

---

रानमेवा | १४ नोव्हेंबर, दुपारी ४:००

लिलावासाठी अनुभव विकता येतील. उदाहरणार्थ, 'बारापेडे गुहेत एक रात्र'. तळेवाडीजवळची ती वटवाघळांची गुहा. अशा गोष्टीला तरुण मुलं मोठी बोली लावतील.

---

जांबोटी_वळण | १४ नोव्हेंबर, रात्री ८:४५

हे मात्र नको. गुहा अभयारण्यात आहे आणि परवानगीशिवाय तिथं जाता येत नाही. पण परवानगीची गोष्ट बाजूला ठेवली तरी नको.

त्या गुहेतलं राउटनचं वटवाघूळ जगाला माहीत झालं १९१३ मध्ये, आणि त्यानंतर कितीतरी दशकं साऱ्या जगात त्याचा पत्ता फक्त बारापेडे एवढाच होता. पुढं मेघालयात आणि कंबोडियात सापडलं, पण आपल्या पश्चिम घाटातलं त्याचं माहेर ही गुहाच. आत माणसं गेली, विजेऱ्या मारल्या, की ती वटवाघळं बिथरतात, पिलं खाली पडतात. मी स्वतः एकदाही आत गेलेलो नाही. संध्याकाळी लांबून, ती बाहेर पडताना वर आभाळात बघितली आहेत. एवढं पुरे आहे.

अनुभवच द्यायचा तर हेमाडग्याला वनखात्याचं निसर्ग शिबिर आहे, तिथं रीतसर पैसे भरून राहता येतं. लिलाव करायची गरज नाही.

---

गवळीवाड्याचा | १६ नोव्हेंबर, रात्री ११:३०

सगळं वाचलं. चार दिवस लिहू का नको असं चाललं होतं. मी रानातल्या गावचा, सध्या बेळगावात उद्यमबागला कामाला. आई-वडील गावातच आहेत.

ट्रॅप कॅमेरे म्हणता. अभयारण्यात कॅमेरे वनखातं लावतं, दुसऱ्याला परवानगीशिवाय लावता येत नाहीत. आणि फलक म्हणता. फलकावर काय लिहिणार ओ? 'वन्यप्राणी आपले मित्र आहेत'? आमच्या दारात तो फलक कोण वाचणार आणि काय वाटणार वाचून?

एक प्रसंग सांगतो. मागच्या पावसाळ्याआधीची गोष्ट. आमची दुभती म्हैस संध्याकाळी परत आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांना ओढ्याच्या वर सापडली. मानेला दोन भोकं, मागचा भाग खाल्लेला. वाघानं मारली होती, बिबट्यानं नव्हे, ते आम्हाला बघितल्यावर कळतं. भरपाई मिळते हे माहीत होतं. त्यासाठी पंचनामा लागतो, जनावरांच्या डॉक्टरचा दाखला लागतो, आणि तोवर जनावर हलवायचं नाही. फोनला रेंज यायला दोन किलोमीटर चढ चढावा लागतो. मी बेळगावातून फोन लावत होतो. आज येतो, उद्या येतो. कुणाचं नाव घेत नाही, त्यांचीही माणसं थोडी आणि रान मोठं.

वडील दोन दिवस त्या म्हशीजवळ बसून. कुत्र्यांनी ओढून नेलं तर पुरावा जाणार म्हणून. रात्री अंगावर घोंगडं आणि समोर कंदील, वास असा की मला फोनवर बोलताना सुद्धा ते नाकाला फडकं धरून बोलत होते. दुसऱ्या संध्याकाळी गावातलाच एकजण आला. त्याच्या हातात पिशवी होती. उसावर टाकायचं औषध. म्हणाला, "आप्पा, एवढं शिंपडा त्यावर. रात्री येईल, खाईल, संपलं."

वडिलांनी घेतलं नाही. पण त्यांनी मला नंतर काय सांगितलं माहीत आहे? म्हणाले, "पिशवी हातात घेतली होती मी. वजन बघितलं. मग परत दिली." म्हैस गेली म्हणजे रोजचं सहा-सात लिटर दूध गेलं, डेअरीचा हप्ता गेला, आणि माझ्या बहिणीची फी त्याच आठवड्यात होती.

तुमच्या जेवणाचा पैसा कुठं लागायला पाहिजे म्हणून विचारलंत ना. त्या दोन दिवसांत लागायला पाहिजे.

---

जांबोटी_वळण | १७ नोव्हेंबर, सकाळी ६:००

रात्री वाचलं, झोप लागली नाही.

डोळ्यासमोर गोळावली आली. जानेवारी २०२०. इथून रेघ ओलांडली की पलीकडं सत्तरीत, गोव्याच्या म्हादई अभयारण्यात. वाघानं गुरं मारली, मारलेल्या जनावरात विष घातलं गेलं, आणि एकाच ठिकाणी चार वाघ मेले. एक वाघीण आणि तिची तीन पिल्लं. नकाशावर राज्यं तीन आहेत, वाघाला एकच रान. काळी, भीमगड, म्हादई, तिलारी, सगळं सलग. त्यानंतर तिथल्या व्याघ्र प्रकल्पाचा विषय उच्च न्यायालयात गेला, २०२३ मध्ये आदेश झाला, मग वरच्या कोर्टात. वाघ मात्र त्या एका आठवड्यात गेले होते.

तुमच्या वडिलांनी ती पिशवी परत दिली. मी इतकी वर्षं रानात हिंडतोय, त्यांच्याइतकं काम माझ्या हातून झालेलं नाही.

कॅमेरे आणि फलक मी मागं घेतो. निधी कशासाठी हे ठरलं: पहिल्या दोन दिवसांसाठी. वाघ-बिबट्यानं जनावर मारलं की अठ्ठेचाळीस तासांच्या आत घरात पैसे पोचले पाहिजेत. कसं करायचं ते तुम्ही सांगा.

---

गवळीवाड्याचा | १७ नोव्हेंबर, रात्री १०:१५

गावात बोलून सांगतो. एक आत्ताच सांगतो, मोफत वाटू नका. आमच्या माणसांना ते नको असतं आणि दोन-चार वर्षांत गावात भांडणं लागतात. उसनं द्या. बिनव्याजी. सरकारी भरपाई आली की घेतलेलं परत त्याच निधीत. गवळ्याला उसनं घेण्यात लाज वाटत नाही, आज मी तुला, उद्या तू मला. भीक म्हटली की तो दारात येणार नाही.

---

कणकुंबीकर | १८ नोव्हेंबर, दुपारी २:३०

उसन्याची गोष्ट एकदम पटली. आणि मग लिलावसुद्धा आपल्या रीतीनं करा की!

आमच्या गावात जत्रेला देवळापुढं सवाल घालतात. देवीला आलेलं पातळ, नारळ, केळीचा घड, एखादा कोंबडा. गावातला एक जाणता माणूस मधे उभा राहून वस्तू वर धरतो. "हे देवीचं पातळ, पाचशे आले, पाचशेला कोण वर?" बोली वाढत जाते. एक बार, दोन बार, तीन बार. ज्याच्या नावावर पडली त्याचं नाव वहीत. रोख त्याच वेळी द्यायलाच पाहिजे असं नाही, पुढच्या जत्रेआधी फेडायचं. आणि लोक फेडतात, कारण पुढच्या वर्षी अख्ख्या गावासमोर वही वाचली जाते. शंभर रुपयांचा नारळ तीन हजारांना जातो आणि घेणारा तो फोडून सगळ्यांना खोबरं वाटतो. नारळाची किंमत कुणी करत नाही, आपण देवीसाठी बोललो हे महत्त्वाचं.

हॉटेलातल्या लिलावात माणूस वस्तू घरी नेतो. सवालात वस्तू बहुतेक वेळा तिथंच वाटली जाते. मला वाटतं हा फरक तुमच्या कामाला चांगला आहे.

---

गोवावेस | १८ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:००

हजार रुपये आणि मोठा हॉल मीच म्हणालो होतो. गवळीवाड्याच्या भावाचं वाचून मीही बदललो. माझी चार ताटं सहाशेनं धरा, आणि आणखी चार गावातून येणाऱ्यांसाठी माझ्याकडून. एक विनंती, गावातली माणसं स्टेजवर सत्कार करून घ्यायला नको बोलवू. शाल-श्रीफळ नको. त्यांनी पंगतीत आमच्याबरोबर बसावं.

---

गवळीवाड्याचा | १८ नोव्हेंबर, रात्री ११:००

नुसतं बसायला नाही येणार ओ. रांधायला येणार. आई म्हणाली, "बेळगावच्या आचाऱ्याला नाचणीची भाकरी जमायची नाही."

---

शहापूरची_सून | १९ नोव्हेंबर, सकाळी १०:००

मग आम्हीही रांधायला येतो. काकूंना सांगा, कांदे चिरायला आणि पीठ मळायला आम्ही सहाजणी आहोत. आमच्या गल्लीतले विणकर एक शहापुरी साडी सवालाला देणार आहेत. हातमागाची. आता ते माग फार थोडे उरलेत, त्यामुळं त्यांनी स्वतःहून देतो म्हटल्यावर मला रडूच आलं.

---

पाटील_गल्ली | २३ नोव्हेंबर, रात्री ९:००

आजोबांच्या कागदात प्रमाणपत्र नाही सापडलं. वकिलांबरोबर जाऊन बोलून आलो, शिंगं जमा करतोय. भिंतीवर मोठा पांढरा डाग राहिलाय. तिथं मुलीनं काढलेलं धनेशाचं चित्र लावणार आहोत.

---

हिशोबनीस | ५ डिसेंबर, सकाळी ९:००

मधल्या दिवसांत बऱ्याच बैठका झाल्या, सगळ्या इथं लिहीत बसत नाही. ठरलेलं एवढं:

दुभत्या म्हशीला पंधरा हजार, गायीला दहा, वासरा-रेडकाला चार. गावातले दोघं आणि आमच्यातले दोघं अशा चौघांपैकी कुठल्याही दोघांनी होकार दिला की संस्थेतून पैसे सुटणार. अटी तीनच: जनावर मेल्याचं त्याच दिवशी वनखात्याला कळवलेलं असावं, फोटो असावा, आणि मेलेल्या जनावराला कुणी काही लावलेलं नसावं. पंचनामा झाल्यावर मेलेलं जनावर उचलायचं नाही, रानासाठी तिथंच सोडायचं. वाघ परत येऊन खातो तेव्हा तो दुसरं जनावर मारत नाही, हे गावातल्या म्हाताऱ्यांनी आम्हाला शिकवलं.

अस्वलाच्या हल्ल्यातल्या माणसांनाही मदत करावी असं काहीजण म्हणाले. खानापूर भागात तो प्रश्न मोठा आहे आणि फार वाईट आहे. पण दवाखान्याचा खर्च या निधीच्या आवाक्यातला नाही, तिथं सरकारी मदतीसाठी कागदपत्रं करायला आम्ही माणूस देऊ.

जेवणाच्या कार्यक्रमाचा फलक कानडी आणि मराठी दोन्हीत. वर कानडी, खाली मराठी. निवेदनही दोन्हीत. वनखात्यातली बहुतेक मंडळी कानडी बोलणारी, गावं मराठी, आणि रात्री वणव्यावर दोघं खांद्याला खांदा लावून असतात. यावर कुणी वाद घातला नाही, हे आवर्जून लिहितो.

---

जांबोटी_वळण | २ फेब्रुवारी, रात्री १०:३०

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी जेवण झालं. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी लिहितो.

सकाळी सहाला दोन टेम्पो आले. गावातल्या अठरा बायका, तेवढेच पुरुष, पोरं, आणि चुलीसाठी लाकूड सुद्धा त्यांनी आणलं होतं. इथल्या गॅसवर भाकरी करायला त्या तयार नव्हत्या. कार्यालयाच्या मागच्या अंगणात चार चुली मांडल्या. गवळीवाड्याच्या आई, सगळे त्यांना आक्का म्हणत होते, परातीत गरम पाणी घालून नाचणीची उकड काढायच्या, तळव्याच्या खालच्या बाजूनं रेटून रेटून मळायच्या. आमच्या शहापूरच्या वहिनी मळायला बसल्या तर आक्का पीठ बोटानं दाबून बघायच्या आणि काही न बोलता परत त्यांच्याकडं सरकवायच्या. तिसऱ्या वेळी मान हलवली. वहिनींचा चेहरा तेव्हा बघायला पाहिजे होता.

एकशे चाळीस ताटं विकली गेली. गावातली आणि काम करणारी धरून दोनशे पान उठलं. पत्रावळी पुरल्या, मातीचे पेले पंधरा फुटले. काजूची उसळ दुसऱ्या पंगतीला संपली, हे माझं चुकलं, मी अंदाज कमी धरला होता. तिसऱ्या पंगतीला कुळथाचं पिठलं केलं आणि ते उसळीपेक्षा जास्त वाखाणलं गेलं.

जेवणानंतर भाषणं ठेवली नव्हती. फक्त आप्पांना, म्हणजे ज्यांची म्हैस गेली त्यांना, विचारलं होतं दोन शब्द बोलाल का. ते नको म्हणाले. मग त्यांनी गाऱ्हाणं घातलं. रानातल्या देवांची, नदीची, वाटेवरच्या राखणदाराची नावं घेऊन, आमची गुरं राख, तुझी जनावरं राख, इथं जमलेल्यांना सांभाळ. 'आमची गुरं' आणि 'तुझी जनावरं' एका दमात. दोनशे माणसं उभी होती आणि भांड्याचा आवाज नव्हता.

सवाल कणकुंबीकरांनी चालवला. माईक घेतला नाही. बासमती, साडी, खानापूरची मोठी रांजणं, दोन घोंगड्या, एका मित्रानं चोर्ल्याला काढलेला देवगांडुळाचा (गांडुळासारखा दिसणारा बिनपायांचा उभयचर प्राणी) फोटो. हा फोटो कुणी घेईल असं वाटलं नव्हतं. त्या भागातून देवगांडुळाच्या नवीन जाती २००७ मध्ये नोंदल्या गेल्या हे सांगितल्यावर दहावीतल्या एका मुलानं वडिलांना हलवून हलवून बोली लावायला लावली. पाटीलसाहेबांच्या मुलीनं काढलेलं धनेशाचं दुसरं चित्रही गेलं.

पण सगळ्यात जास्त बोली कशावर झाली? फणसावर. आक्कांनी सकाळी येताना सांगितलं होतं, "आमच्या परड्यातल्या झाडाचे यंदाचे फणस सवालाला." झाड तिथंच, फळं अजून धरायचीत. कणकुंबीकरांनी हात रिकामेच वर केले, "हे झाडावरचे फणस." लोक हसले, मग बोली सुरू झाली. पाच हजार, आठ, बारा. आक्का मधेच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "शेंड्याकडचे देणार नाही हां. ते माकडांचे. खालचे आणि बुंध्याचे तुमचे." कणकुंबीकरांनी तसंच पुकारलं. बोली थांबेल असं मला वाटलं. उलट वाढली. एकवीस हजारांवर शहापूरच्या वहिनींच्या गल्लीनं मिळून घेतले. सगळ्या गल्लीनं, वर्गणी काढून.

हिशोब हिशोबनीस देतीलच.

---

हिशोबनीस | ३ फेब्रुवारी, सकाळी ८:००

ताटांचे ८४,००० रुपये. रांधप, सामान, टेम्पो ३६,०००. कार्यालय १२,०००. म्हणजे जेवणातून शिल्लक ३६,०००. सवालाचे १,५८,५००, त्यातले हातात आलेले ९७,०००, वहीत बाकी ६१,५००. दुबईहून देणगी २५,०००. एकूण निधी २,१९,५००. वही संस्थेत आहे, कुणीही येऊन बघावी. बाकीदारांची नावं इथं लिहिणार नाही, पुढच्या जेवणात वाचणार.

---

दुबई_बेळगावकर | ३ फेब्रुवारी, रात्री ११:२०

फोटो बघितले. आप्पांच्या अंगावरचं घोंगडं आणि माझ्या आजोबांचं घोंगडं, काठ सारखाच. पुढच्या वर्षी सुट्टी जानेवारीत घेणार.

---

गवळीवाड्याचा | १९ मार्च, रात्री १०:००

पहिलं जनावर लागलं. शेजारच्या वाडीतली गाय, बिबट्यानं. परवा संध्याकाळी कळलं, वनखात्याला त्याच रात्री कळवलं, फोटो पाठवला. काल दुपारी साडेतीनला दहा हजार घरात पोचले. पंचनामा आज झाला. गाय ओढ्यावर तशीच आहे, कुणी हात लावलेला नाही. मी काल रात्री स्वतः तिथं जाऊन बघून आलो, लांबूनच. काहीतरी खात होतं, हाडाचा आवाज येत होता.

ज्या घराची गाय गेली तिथल्या म्हातारीनं पैसे मोजले, पदराला बांधले आणि विचारलं, "परत कधी द्यायचे?" म्हटलं भरपाई आली की. ती म्हणाली, नाही आली तरी पावसाळ्यानंतर देते.

आणि वहिनी, आईनं कळवायला सांगितलंय: तुमच्या झाडाला यंदा एकतीस धरलेत. शेंड्याकडचे नऊ सोडून बावीस तुमच्या गल्लीचे. मे महिन्यात गाडी घेऊन या, कोयता आणि हाताला लावायला गोडंतेल आमच्याकडं आहे.